हिशोब ठेवणारं शहर

इसवी सन ५७, ८ जानेवारी. टिबुलस नावाच्या माणसाने लाकडी पाटीवरच्या मेणात टोकदार सळईने लिहून दिलं की, घेतलेल्या मालापोटी मी ग्रेटसचं १०५ देनारी देणं लागतो. देनारी म्हणजे रोमन चांदीची नाणी. दोघेही पूर्वी गुलाम होते आणि मुक्त झाल्यावर व्यापारात पडले होते. रोमनांनी थेम्सकाठी लंडन वसवून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती.

पाटीवरचं मेण कधीच नाहीसं झालं. पण सळईचे ओरखडे खालच्या लाकडात उतरले होते. वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या चिखलात, हवा न लागता, ती पाटी साडेएकोणीसशे वर्षं टिकली. २०१० ते २०१४ या काळात ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीच्या जागेवर उत्खनन झालं, तेव्हा अशा चारशेहून अधिक पाट्या वर आल्या. टिबुलसची पाटी हा लंडनच्या जुन्या शहरात सापडलेला तारखेसह लिहिलेला सर्वांत जुना आर्थिक दस्तऐवज. गावाचं नीट बस्तान बसायच्या आधी तिथे उधारी लिहिली जात होती.

लंडनचे डोकं चक्रावून टाकणारे आकडे पुष्कळ आहेत. पण ते आपल्याला ठाऊक आहेत याचं कारण या शहराची लिहून ठेवायची सवय आहे. मेलेले, जन्मलेले, गिऱ्हाइकं, विटा, पुस्तकं, परदेशातून आलेली माणसं, सगळ्याची इथे नोंद होत गेली. आणि मराठी वाचकाने विसरू नये अशी एक गोष्ट आहे. याच शहराच्या वह्या उघडून, त्यांतलेच आकडे पुढे करून आपल्या माणसांनी साम्राज्याला जाब विचारला.

डोकी किती?

२०२१ च्या जनगणनेत लंडनची लोकसंख्या ८८ लाख भरली. मुंबईची २०११ सालीच १ कोटी २४ लाख होती. तेव्हा नुसत्या संख्येचं मुंबईकराला अप्रूप वाटायचं कारण नाही. थक्क करतो तो या आकड्याचा चढउतार. १८०१ मध्ये पहिली जनगणना झाली तेव्हा लंडनमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं होती. १९०१ मध्ये तीच संख्या साठ लाखांच्या वर गेली आणि १९३९ मध्ये ८६ लाखांवर. मग युद्ध आलं. ७ सप्टेंबर १९४० पासून पुढचे ५७ दिवस जवळपास प्रत्येक रात्री शहरावर बॉम्ब पडले. २७ सप्टेंबरच्या रात्री तर भुयारी रेल्वेच्या फलाटांवर १ लाख ७७ हजार लोक झोपायला होते. युद्धानंतरही माणसं बाहेरच्या नव्या वसाहतींत जात राहिली आणि १९८० च्या दशकात लोकसंख्या ६८ लाखांच्या आसपास उतरली. १९३९ चा आकडा पुन्हा गाठायला २०१५ साल उजाडावं लागलं. म्हणजे ७६ वर्षं.

या अवाढव्य महानगराच्या पोटात मूळचं शहर आजही वेगळं आहे. त्याचं नाव सिटी ऑफ लंडन. क्षेत्रफळ २.९ चौरस किलोमीटर, कायमचे रहिवासी साडेआठ हजारांच्या आसपास आणि तिथे कामाला येणारी माणसं सहा लाखांहून अधिक. एका रहिवाशामागे सत्तर चाकरमानी असं हे प्रमाण पडतं. इथे रविवारी सकाळी जावं. बँकांच्या उंच इमारतींमधल्या गल्ल्या मोकळ्या असतात आणि रोमन तटबंदीचे अवशेष कोणाचा धक्का न लागता पाहता येतात.

मरणाची साप्ताहिक पत्रिका

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला एक छापील कागद विकत मिळायचा. कोणत्या परगण्यात किती माणसं मेली आणि कशाने मेली, याची ती यादी असे. मृतदेह पाहून कारण सांगायचं काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे होतं. त्यांना वैद्यकाचं शिक्षण नव्हतं, त्यामुळे यादीत ताप आणि क्षयाच्या जोडीला 'दात', 'भीती' आणि 'दुःख' अशीही मरणाची कारणं सापडतात. श्रीमंत लोक हा कागद पाहून शहर सोडायचं की राहायचं ते ठरवत.

१६६५ च्या प्लेगात या यादीने काय सोसलं ते पाहा. १२ ते १९ सप्टेंबर या एका आठवड्यात प्लेगचे ७,१६५ बळी नोंदले गेले. वर्षाची बेरीज ६८,५९६ झाली. अनेक मृत्यू लपवले गेले, म्हणून खरा आकडा एक लाखाच्या आसपास धरतात. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे, पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग निघाली आणि तिने चार दिवसांत १३,२०० घरं आणि परगण्यांची ८७ चर्चं खाल्ली. वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनच्या देखरेखीखाली त्यांतली ५१ चर्चं पुन्हा उभी राहिली आणि ३६५ फूट उंचीचं सेंट पॉल्स कॅथीड्रल ३५ वर्षांत, १७१० पर्यंत, पुरं झालं. पैसा आला तो शहरात येणाऱ्या कोळशावरच्या करातून. घुमटाच्या सगळ्यांत वरच्या सज्जापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत असतील तर त्या चढाव्यात.

त्या मरणयाद्यांनी जगाला एक नवं शास्त्रही दिलं. जॉन ग्रॉन्ट हा कापडाचा व्यापारी. त्याने अनेक वर्षांच्या याद्या गोळा केल्या, बेरजा मांडल्या आणि १६६२ मध्ये पुस्तक छापलं. लंडनमध्ये दशलक्षांनी माणसं राहतात असं लोक तेव्हा सर्रास बोलत. ग्रॉन्टने जन्म, मृत्यू आणि कुटुंबं यांच्यावरून हिशोब करून तो आकडा पाच लाखांच्या आत आणला. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्माला येतात, हेही त्यानेच आकड्यांनी दाखवलं. आज जगभर लोकसंख्येचा जो अभ्यास होतो त्याचा पाया एका दुकानदाराने रद्दीच्या भावाने गेले असते अशा कागदांवर घातला.

पायाखालचं शहर

मृत्यूंची नोंद ठेवायची हीच सवय १८५४ मध्ये रोगाचं मूळ शोधायला कामी आली. सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची साथ आली आणि ६१६ माणसं गेली. दुर्गंधीने पटकी होते असं तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचं मत होतं. जॉन स्नो या डॉक्टरने सरकारी नोंदीतले पत्ते घेतले, घरोघर चौकशी केली आणि प्रत्येक मृत्यू नकाशावर काळ्या रेघेने मांडला. त्या रेघा एका सार्वजनिक पंपाभोवती दाटल्या. जवळच्याच गरीबखान्यात ५३५ गरीब राहत होते आणि त्यांतले फक्त पाच दगावले, कारण त्यांची विहीर वेगळी होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार सुखरूप राहिले, कारण ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण पाण्यातून पटकी पसरते याचा पुरावा कायमचा नोंदला गेला. त्या गल्लीत आज पंपाची प्रतिकृती उभी आहे, दांड्याविना.

तरीही शहराचा मैला थेम्समध्येच जात होता आणि प्यायचं पाणीही बरंच तिथूनच येत होतं. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला इतकी घाण सुटली की, संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत वास पोचल्यावर पैसा तातडीने मंजूर झाला. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने १३२ किलोमीटरची मुख्य गटारं आणि रस्त्यांखालची सुमारे १,८०० किलोमीटरची गटारं बांधली. त्यांत ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या. त्या विटांची गटारं आजही चालू आहेत. त्यांचा भार हलका करायला नदीखाली २५ किलोमीटर लांबीचा आणि ७.२ मीटर व्यासाचा नवा बोगदा बांधला, तो २०२५ मध्ये पूर्ण कार्यान्वित झाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पुढच्या पाच पिढ्यांची सोय केली होती.

भुयारी रेल्वेही त्याच काळातली. १० जानेवारी १८६३ ला वाफेच्या इंजिनाने पहिली गाडी पॅडिंग्टनहून फॅरिंग्डनला ओढली. आज ११ मार्गिका, २७२ स्थानकं आणि ४०२ किलोमीटर लोहमार्ग आहेत. त्यातला निम्म्याहून अधिक भाग खरं तर जमिनीवरून धावतो. हॅम्पस्टेड स्थानक मात्र ५८.५ मीटर खोल आहे, म्हणजे साधारण अठरा मजल्यांइतकं.

एक पेनी आणि पंचवीस हजार रस्ते

प्रचंड आकड्यांच्या या शहरात मला सर्वांत लोभस वाटतो तो एक अगदी छोटा आकडा. संसदेच्या मनोऱ्यातल्या घड्याळाची घंटा, जिला जग बिग बेन म्हणतं, १३.७ टन वजनाची आहे. मिनिटकाटा ४.२ मीटर लांब. लंबक ४.४ मीटरचा, वजन ३१० किलो. एवढं अवजड यंत्र मागेपुढे झालं तर ताळ्यावर आणायचं कसं? लंबकावर जुनी पेनीची नाणी ठेवून. एक नाणं ठेवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंदाने पुढे जातं, उचललं की तितकंच मागे येतं. घड्याळजी आजही आठवड्यातून तीनदा चावी देतात, वेळ तपासतात आणि नाण्यांचा हिशोब जुळवतात.

दुसरा आकडा काळ्या टॅक्सीच्या चालकांचा. १८६५ पासून त्यांची एक परीक्षा चालू आहे. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या त्रिज्येतले सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरची हजारो ठिकाणं डोक्यात साठवायची. अभ्यासासाठी ३२० ठरलेले मार्ग असतात. पहिला मार्ग मॅनर हाउस स्थानक ते गिब्सन स्क्वेअर. परीक्षक समोर बसून दोन ठिकाणं सांगतो आणि उमेदवाराने नकाशा न पाहता एकेक वळण तोंडी सांगायचं. तीन-चार वर्षं यात जातात. भाड्याच्या दुचाकीला पुढे नकाशा अडकवून पावसात भटकणारे उमेदवार लंडनच्या रस्त्यांवर नेहमी दिसतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चालकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली. शहर पाठ करता करता माणसाचा मेंदूच बदलला होता.

दहांतले चार

आता जनगणनेतला माझ्या मते सर्वांत मोठा आकडा. लंडनमध्ये राहणाऱ्या दर दहा माणसांतली चार ब्रिटनबाहेर जन्मलेली आहेत. या परदेशजन्म्यांत पहिला क्रमांक भारताचा, ३ लाख २२ हजारांच्या वर. शाळांमधल्या मुलांच्या घरच्या भाषा मोजल्या तर त्या तीनशेहून अधिक भरतात.

हे मिश्रण कसं होत आलं ते पाहायचं तर ब्रिक लेनवर फोर्नियर स्ट्रीटच्या कोपऱ्याशी उभं राहावं. समोर विटांची एक साधी, भक्कम इमारत दिसते. वर, भिंतीच्या त्रिकोणात, एक सूर्यघड्याळ आहे आणि त्यावर साल कोरलंय, १७४३. फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांनी ते प्रार्थनास्थळ बांधलं. १८१९ मध्ये ते मेथडिस्टांचं चॅपल झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन साम्राज्यातून ज्यू निर्वासित आले आणि तिथे सिनेगॉग भरू लागलं. १९७६ मध्ये ती मशीद झाली, ती बांगलादेशातून, मुख्यतः सिल्हेटमधून आलेल्या लोकांची. भिंती त्याच, सूर्यघड्याळही तेच. पावणेतीनशे वर्षांत जो आला त्याने आपला देव तिथे आणला, आणि इमारत कोणी पाडली नाही.

शहराच्या वायव्येला ब्रेंट नावाचा विभाग आहे. तिथे निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले. १९९५ मध्ये नीसडनला स्वामीनारायण मंदिर उभं राहिलं. त्यासाठी बल्गेरियाचा २,८२८ टन चुनखडी दगड आणि इटलीचा २,००० टन संगमरवर आधी जहाजाने भारतात आला. इथे १,५२६ कारागिरांनी तो घडवला आणि २६,३०० तुकडे पुन्हा समुद्रमार्गे लंडनला जाऊन एकमेकांत बसले. त्याच ब्रेंटमध्ये, डॉलिस हिलला, १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. गणपती, दिवाळी, नाटकं, मुलांचे मराठीचे वर्ग, हे सगळं तिथे चालतं. मराठी माणूस या शहरात पाहुणा म्हणून जातो, तसा घरचा म्हणूनही राहतो.

सातशे किलोमीटरचं कपाट

लंडनच्या हिशोबाची सगळ्यात मोठी तिजोरी सेंट पँक्रास स्थानकाशेजारी आहे. ब्रिटिश लायब्ररीत १७ कोटींहून अधिक वस्तू आहेत. पुस्तकं, हस्तलिखितं, नकाशे, वर्तमानपत्रं, ध्वनिमुद्रणं. रोज पाच पाहिल्या तर सगळं पाहायला त्र्याण्णव हजार वर्षं लागतील. फळ्यांची लांबी सातशे किलोमीटरच्या पुढे जाते. मुंबईहून समृद्धी महामार्गाने नागपूर गाठेपर्यंत रस्त्याच्या एका कडेला सलग पुस्तकांचं कपाट लावलं, तरी फळी उरेल.

त्यातले सुमारे १४ किलोमीटर आपल्या कामाचे आहेत. ईस्ट इंडिया कंपनी ३१ डिसेंबर १६०० ला स्थापन झाली. तेव्हापासून १९४७ पर्यंतचं कंपनीचं आणि नंतर हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिस या सरकारी खात्याचं दप्तर या फळ्यांवर आहे. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीला दिलं ते वर्षाला १० पौंड भाड्याने. सुरत आणि राजापूरच्या वखारवाल्यांनी शिवाजी महाराजांच्या हालचालींबद्दल धास्तावून लिहिलेली पत्रं कंपनीच्या दप्तरात गेली. १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडनचा वृत्तान्तही याच दप्तरामुळे टिकला. या इंग्रजी कागदांचा संग्रह १९३१ साली पुण्यात छापला गेला आणि शिवचरित्राच्या अभ्यासाला तारखांचा पक्का आधार मिळाला. लुटीसाठी आलेल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेलं टिपण आपल्या इतिहासाचं साधन ठरलं.

पण खरा पराक्रम केला तो दादाभाई नौरोजींनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले गणिताचे हे प्राध्यापक १८५५ मध्ये व्यापारासाठी लंडनला गेले. त्यांनी सरकारी अहवालांतले आकडे घेतले आणि हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न काढलं. ते निघालं वर्षाला २० रुपये. मग तुरुंगातल्या कैद्यांना आणि परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांना मिळणाऱ्या शिध्याचा खर्च मांडला. नुसतं तगून राहायला ३४ रुपये लागत होते. कैद्याला जे मिळतं तेवढंही स्वतंत्र माणसाला मिळत नाही, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच कागदांनी सिद्ध केलं. १८९२ मध्ये ते फिन्सबरी सेंट्रलमधून पाच मतांच्या आघाडीने ब्रिटिश संसदेत निवडून गेले. लंडनच्या हजारो आकड्यांत मला या पाचाचं मोल सर्वांत जास्त वाटतं.

तीन दशकांनी बाबासाहेब आंबेडकर याच वाटेने गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बसत. १४० फूट व्यासाच्या त्या घुमटाखाली, अर्धपोटी राहून, त्यांनी रुपयाच्या इतिहासाचे आकडे टिपून घेतले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रूपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. पुढे १९२५ मध्ये भारतीय चलनाच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९२१-२२ मध्ये ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि २०१५ मध्ये स्मारक म्हणून खुलं केलं. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहत होते ते घर हाउली प्लेसला आहे. त्याच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे.

लंडनला गेलेला आपला माणूस बहुधा राजवाड्यापुढचा पहारा बदलताना पाहतो, थेम्सकाठच्या आकाशपाळण्यात बसतो, नदीवरच्या पुलावर फोटो काढतो आणि परततो. हे सगळं जरूर करा. पण सहलीतला एक दिवस सेंट पँक्राससाठी राखून ठेवा. ब्रिटिश लायब्ररीत जायला पैसे लागत नाहीत. वाचकाचा परवानाही मोफत मिळतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मात्र सोबत हवा. कोणता कागद पाहायचा ते घरूनच सूचीत शोधून ठेवा. आपल्या गावाचं, तालुक्याचं, किल्ल्याचं नाव टाकून पाहा. चौदा किलोमीटरच्या त्या फळ्यांवर अजून कोणीही न उघडलेली बाडं पुष्कळ असणार, आणि ती उघडायचा हक्क सर्वांत आधी आपला आहे.